900 लिटर

एप्रिल 2018. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्यावरून रोज भांडण, टँकर उशिरा का आला, बी विंगला प्रेशर का नाही, आणि त्यात मी पण होतोच, चांगले तीन-तीन परिच्छेद टाईप करून टाकायचो. एवढं टाईप केलं की आपण काहीतरी केलं असं वाटतं. त्यातच दुष्काळी गावांत पाणी अडवायचं काम करणाऱ्या पानी फाउंडेशनने 1 मे ला शहरातल्या लोकांना महाश्रमदानाला बोलावलेलं, जलमित्र म्हणून, ऑफिसातल्या एकाने लिंक पाठवली आणि मी नाव नोंदवून टाकलं. खरं सांगू का, फोटो चांगले येतील हा पण विचार होता डोक्यात.

गाव माण तालुक्यातलं, साताऱ्याचा पर्जन्यछायेतला भाग. सकाळी सहालाच माळावर पोचलो तर गाव आधीच कामाला लागलेलं. एक विशीतला पोरगा दोन काठ्यांना बांधलेली पारदर्शक नळी घेऊन फिरत होता, नळीत पाणी, दोन्हीकडे पाणी एका खुणेला आलं की त्या दोन जागा एका उंचीवर. हायड्रोमार्कर म्हणतात. त्या खुणा जोडून फक्कीची रेघ मारायची आणि रेघेवर चर खणायचा, पावसाचं पाणी त्यात अडून जिरावं म्हणून. मी इंजिनिअर, मी म्हणलं थोडी वाकडी झाली रेघ तर काय बिघडतं? तर तो म्हणला, सर, चर उतरता झाला तर सगळं पाणी एका टोकाला जमतं, बांध फोडतं आणि खाली ओघळ पाडतं, म्हणजे न खणलेलं बरं. गप्प बसलो.

मग टिकाव. मुरूम कसला, दगडच तो. दहा मिनिटात तळहाताला फोड, कंबर गेली, आणि शेजारी साठीच्या एक मावशी घमेली उचलता उचलता माझ्याकडे बघून हसतायत. म्हणल्या, "पाव्हणं, जोर नगा लावू, टिकावाला पडू द्या की त्याच्या वजनानं." तेवढ्या एका वाक्याने पुढचे दोन तास निघाले.

चौघांनी मिळून तीन तासात किती खणलं, तर 60 सेंटीमीटर रुंद, 30 सेंटीमीटर खोल आणि 5 मीटर लांब. बसमध्ये हिशोब केला, 0.9 घनमीटर, म्हणजे एकदा भरला की 900 लिटर. आमच्याकडे येणारा टँकर 10,000 लिटरचा. म्हणजे असे 11 चर भरले तेव्हा कुठे जवळपास एक टँकर, आणि तो सोसायटीत दुपारपर्यंत संपतो! अर्थात चर पावसाळ्यात एकदाच भरत नाही, भरतो, जिरतो, परत भरतो. पण तरी तो आकडा डोक्यातून जाईना. तेव्हापासून गाडी धुताना पाइप लावत नाही, बादली घेतो, त्यात मोठेपणा काही नाही, हात आठवतात एवढंच.

ऑफिसात एक मित्र म्हणला, अरे हे जेसीबी दहा मिनिटात करतो, तुम्ही उगाच नाटकं. त्याचं चूक नव्हतं, त्या गावात पण खालच्या बाजूच्या मोठ्या कामांना मशीन लावलेलं होतं. आणि श्रमदानाने सगळं होतं असं मला वाटतही नाही, वर चर खणायचे आणि खाली बोअरवर बोअर मारत ऊस लावायचा, तर जिरवलेलं पाणी राहणार कुठे. पण हाच मशीनचा प्रश्न मी त्या नळीवाल्या पोराला जेवताना विचारलेला. तो म्हणला, सर, दोन-तीन वर्षात चरात गाळ भरतो. ज्यानं हातानं खणलाय तो गाळ काढायला येतो, मशीननं खणलेल्याला कोण वाली?

त्या वर्षी वॉटर कपमध्ये, म्हणजे पानी फाउंडेशनच्या गावागावांतल्या पाणी अडवायच्या स्पर्धेत, माण तालुक्यातलीच टाकेवाडी पहिली आली, आमचं गाव नाही. जूनमध्ये पोराने चर भरल्याचा फोटो पाठवला, आमचा कुठला ते काही मला ओळखू आलं नाही, तरी स्टेटसला ठेवला.

दोन वर्षांनी त्याचा फोन आला, गाळ काढायचाय, येताय का.

मी म्हणलं, बघतो.