लेझर-ऑप्टिमिस्ट या छोट्या शिडाच्या बोटीवाल्यांनो, मदतनिधीच्या शर्यतीसाठी पवना धरणावर या!

आज पवनेच्या पाण्यावर सराव झाला. वारा तुंग किल्ल्याकडून येतोय म्हणेपर्यंत तिकोना किल्ल्याकडून! डोंगरांमुळे तो असाच फिरतो. म्हणून शर्यतीत मेनशीट (मुख्य शिडाची दोरी) क्लीटमध्ये, म्हणजे दोरीच्या खाचेत, अडकवून बसू नका, हातातच धरा. वाऱ्याचा झोत आला की लगेच सैल सोडा.

पाण्यात उतरण्याआधी लेझरचा ड्रेन प्लग (पाणी काढायच्या भोकाचं बूच) घट्ट करा, ऑप्टिमिस्टला तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या पिशव्या तपासा. सुकाणूची क्लिप आणि डोलकाठीची दोरी विसरली तर बोट उलटल्यावर सुकाणू आणि डोलकाठी निसटू शकतात. लाइफ जॅकेट हवंच.

सुरुवात नेहमीची: ५, ४ आणि १ मिनिट आधी इशारे, शून्याला शर्यत सुरू. पोर्ट टॅकवाल्याने (डावीकडून वारा घेणाऱ्याने) स्टारबोर्डवाल्याला (उजवीकडून वारा घेणाऱ्याला) वाट द्यायची.

तुमच्या प्रत्येक फेरीमागे देणगी देणारे शोधा. पैसे गावातल्या शाळेला जातील. जुन्या बोटीही आणा. बोटीचा प्रकार आणि सेल नंबर (शिडावरचा क्रमांक) कळवा.