तुम्ही विचारलंत म्हणून: पेशी मरतात, मग औषध का नाही?

“तुमच्या झाडपाल्याच्या अर्कानं कॅन्सरच्या पेशी मरतात ना? मग औषध का देत नाही?” लग्नकार्यात, एसटीत, आजाऱ्याच्या उशाशी, हा प्रश्न मला कुठेच चुकलेला नाही. त्यामागे ‘तुम्ही लोक दडवता’ हा आरोप असतो, आणि तो मला लागतो.

मरतात. पण प्रयोगशाळेतल्या प्लेटमधल्या पेशींना यकृत नसतं, मूत्रपिंड नसतं. शिवाय एमटीटी चाचणीत, म्हणजे किती पेशी जगल्या ते रंगावरून मोजणाऱ्या चाचणीत, जिवंत पेशी पिवळ्या द्रावणाचं जांभळं करतात, आणि काही अर्क पेशी नसतानाही तेच करतात. नुसत्या अर्काचं कंट्रोल, म्हणजे पेशींविना तीच चाचणी, लावल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

चंदगडकडचे एक गृहस्थ नरक्या नावाच्या झाडाच्या वाळक्या ढलप्या पिशवीत घेऊन लॅबच्या दारात उभे राहिले. बहिणीची दुसरी केमो झाली होती. तोंड सोलवटलेलं, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं, तिसरीला ती नको म्हणत होती. “मॅडम, किती उकळायचं तेवढं सांगा.” मी त्यांना बसवलं, प्लेट दाखवली. कॅन्सरच्या पेशींची ओळ जांभळ्याची फिकट झालेली. त्यांचा चेहरा खुलला. मग निरोगी पेशींची प्लेट दाखवली. तीही तेवढीच फिकट. उजेडाकडे धरून ते बराच वेळ बघत राहिले.

“म्हणजे चांगल्यापण मरतात.”

“हो दादा.”

“मग केमो काय वेगळं करते?”

मात्रा मोजलेली असते, दर खेपेला रक्त तपासतात, पांढऱ्या पेशी उतरल्या तर थांबतात, मी म्हणाले. पातेल्यात किती विष उतरलं, कुणाला कळणार?

“पण तिला सोसत नाही, त्याचं काय?”

तोंडाचं डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करता येते, एवढंच मला सुचलं. पिशवी ते घेऊनच गेले.

पूर्वी मला वाटायचं, अशांना सरळ ‘यात काही नाही’ म्हणावं. पण ते खोटं आहे. नरक्यात कॅम्टोथेसिन हे पेशी मारणारं द्रव्य आहेच. नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ साली ते एका चिनी झाडातून वेगळं काढल्याचं जाहीर केलं. माणसांवरच्या पहिल्या चाचण्या दुष्परिणामांमुळे थांबल्या. रेणूत फेरफार करून घडवलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कॅन्सरची औषधं अमेरिकेत मंजूर झाली ती १९९६ मध्ये. तिसरी केमो नाकारणाऱ्या बाईच्या भावाला तीस वर्षांचा हिशेब कुठल्या तोंडानं सांगायचा?

तरी उकळायचं माप मी कुणाला देणार नाही. माझी मावशी अजून म्हणते, “थोडंसं द्यायला काय हरकत होती?” तिच्याशी माझा वाद चालूच आहे.