चेंडू खेळात असताना आपल्याच खेळाडूची हुर्यो नको

फुटबॉलच्या सामन्यात आपल्या संघाचा एखादा खेळाडू सतत चुकतोय, त्याच्या पायाला चेंडू लागला की तो हमखास समोरच्यांकडे जातोय. अशा वेळी स्टँडमधून त्याची हुर्यो उडवावी का? माझं उत्तर सरळ आहे. चेंडू खेळात असेपर्यंत उडवू नये. शिटी वाजल्यावर, कुणी अंगचोरपणा केला म्हणून किंवा संघ चालवणाऱ्यांच्या निर्णयाबद्दल खुशाल आवाज करा. तिकिटाचे पैसे मोजलेत, ओरडायचा हक्क आहे, हे मला पूर्ण मान्य. पण त्या आवाजाचं मैदानावर नेमकं काय होतं, ते गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमवर वर्षानुवर्षं येणारे प्रेक्षकही बारकाईने पाहत नाहीत.

उजवा बचावपटू घ्या. त्याच्याकडे चेंडू आला की साधारण तीन वाटा असतात. एक, मधल्या फळीतल्या खेळाडूला पुढे, दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मधून पास. हा धोक्याचा असतो, पण गोल यातूनच घडतात. दोन, रेषेला समांतर विंगरकडे, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करणाऱ्याकडे. तीन, मागे सेंटर बॅककडे, म्हणजे मधल्या बचावपटूकडे, किंवा गोलकीपरकडे. दोनदा हुर्यो झाली की पहिली वाट त्याच्यापुरती बंद होते. तो चेंडू मागे देतो, त्यावरही लोक ओरडतात, मग गोलकीपर लांब फटका मारतो आणि चेंडू जातो तो जातोच. समोरचा कोच हे पाहत असतो. तो आपल्या विंगरला सांगतो, बाकीच्यांना अडवा, त्या एकाला मोकळा सोडा आणि चेंडू त्याच्याकडे निघाला की धावून जा. दाब कुठे द्यायचा, हे प्रतिस्पर्ध्याला आपणच ओरडून सांगितलेलं असतं.

यापेक्षा वाईट गोष्ट नजरेला पडत नाही. घाबरलेला खेळाडू लपायला लागतो. मैदानातच असतो, पण प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे, सावलीत उभा राहतो, म्हणजे त्याला पास देताच येत नाही. त्याच्या चुका कमी होतात आणि स्टँडमधल्यांना वाटतं, ओरडल्याचा उपयोग झाला. प्रत्यक्षात संघ दहा जणांनी खेळत असतो. सहकारीही त्याच्याकडे चेंडू देणं टाळतात आणि सगळा खेळ दुसऱ्या बाजूने चालतो. तिथे समोरचे आधीच गर्दी करून उभे असतात.

मग ‘काड रे ताका भायर!’ (काढ रे त्याला बाहेर!) सुरू होतं. सध्याच्या नियमानुसार मोठ्या स्पर्धांत पाच बदली खेळाडू वापरता येतात, पण सामना चालू असताना त्यासाठी तीनच संधी मिळतात. मध्यंतरातला बदल त्यात धरत नाहीत. पस्तिसाव्या मिनिटाला लोकांच्या दबावाखाली एक बदल केला, तर उरल्या दोनच. पुढे एखाद्याचा स्नायू धरला, कुणाला लाल कार्ड मिळालं किंवा शेवटच्या वीस मिनिटांत दोन ताजे विंगर हवे झाले, तर कोचचे हात बांधलेले असतात.

हे असं का होतं याचं एक जुनं उत्तर मानसशास्त्रात आहे. रॉबर्ट झायोंक याने 1965 मध्ये मांडलं की, लोक बघत असले की माणसाची पक्की मुरलेली कृती अधिक चांगली होते आणि कच्ची कृती अधिक बिघडते. फॉर्ममध्ये असलेल्याला गर्दी वर चढवते आणि फॉर्म गेलेल्याला आणखी खाली ढकलते, हे मैदानावर दिसतंच. त्यात हुर्यो आली की खेळाडूचं लक्ष चेंडूच्या पुढच्या जागेवरून स्वतःच्या पायावर येतं. एरवी आपोआप होणारी गोष्ट तो विचार करून करायला जातो. म्हणून हुर्योनंतरची चूक बहुतेक वेळा पहिल्या स्पर्शातच होते. चेंडू पायापासून हातभर लांब उडतो, आणि व्यावसायिक फुटबॉलमध्ये हातभर अंतर पुरेसं असतं.

गोलकीपरची अवस्था सर्वांत कठीण. अर्धा सामना तो एकाच स्टँडसमोर एकटा उभा असतो, कोण काय बोललं ते त्याला शब्दन्‌शब्द ऐकू येतं. 2025-26 च्या हंगामापासून नियम असा आहे की, गोलकीपरने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. म्हणजे पहिली तीन सेकंदं पुढे काय चाललंय ते बघायला शांतपणे मिळतात. मागून आपलेच लोक ‘मार रे, मार’ म्हणून ओरडले, तर तो हीच तीन सेकंदं गमावतो आणि समोर जो दिसेल त्याला चेंडू देऊन मोकळा होतो.

फातोर्ड्याच्याच मैदानावरचं एक उदाहरण प्रत्येक गोवेकराने लक्षात ठेवावं. 20 डिसेंबर 2015, इंडियन सुपर लीगची अंतिम लढत. एफसी गोवा चेन्नईयनविरुद्ध 2-1 ने पुढे. नव्वदाव्या मिनिटाला गोव्याचा गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल लागला आणि भरपाई वेळेत चेन्नईयनच्या मेंडोझाने तिसरा गोल करून चषक नेला. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर, शेवटच्या क्षणी. गोलकीपरच्या आयुष्यात यापेक्षा वाईट काय घडणार? 20 मार्च 2022 रोजी त्याच मैदानावर पुन्हा अंतिम सामना झाला, हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. पेनल्टी शूटआउटमध्ये हैदराबादला चषक मिळवून दिला तो तेव्हा त्यांचा गोलकीपर असलेल्या याच कट्टीमनीच्या हातांनी. एका रात्रीवरून गोलकीपरची किंमत ठरवायची नसते, हे याहून स्पष्ट कसं सांगणार?

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: टीका झाली म्हणूनच खेळाडू पेटून उठतात. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये आर्सेनलच्या कर्णधाराची, ग्रानिट झाकाची, त्याच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्याने रागाने कानाला हात लावून दाखवला, जर्सी काढली आणि सरळ आत निघून गेला. कर्णधारपद गेलं. तरी तो क्लबमध्ये टिकला आणि 2023 मध्ये शेवटच्या सामन्यात दोन गोल करून, प्रेक्षकांचं प्रेम घेऊन गेला. हे खरं आहे. पण त्याला सावरायला पुढे कोचचा भरवसा होता आणि हाताशी काही वर्षं होती. शिवाय परत आलेल्यांचीच नावं आपल्याला आठवतात. जे विसाव्या-बाविसाव्या वर्षी बूट टांगून बोटीवर किंवा परदेशात नोकरीला गेले, त्यांची यादी कुणी ठेवत नाही.

हुर्यो उडवणाऱ्याला बहुतेक वेळा खरं कारण माहीतच नसतं. मार्च 2006 मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर एका धावेवर बाद झाला तेव्हा वानखेडेवर, त्याच्या स्वतःच्या मुंबईत, काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्या मालिकेनंतर लगेच त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. दुखरा खांदा स्टँडमधून दिसत नाही.

काही गोष्टी मात्र दिसतात, बघायची सवय हवी. बचावपटूला विंगर पुन्हा पुन्हा चकवून जातोय असं वाटलं तर त्याच्यासमोर किती जण आहेत ते मोजा. दोघे असतील तर दोष त्याच्यापुढच्या आपल्या विंगरचा, जो मागे धावत आला नाही. स्ट्रायकर गोल करत नसेल तर तो चेंडूसाठी मधल्या वर्तुळापर्यंत खाली येतोय का बघा. येत असेल तर त्याला डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, चेंडूच पोहोचत नाहीये. मधल्या फळीतला खेळाडू चेंडू गमावतो तेव्हा चेंडूवरची नजर काढा आणि त्याच्या आसपास पंधरा मीटरमध्ये कोण हललं ते बघा. कुणीच हललं नसेल, तर पास देणार कुणाला? पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात, आपल्याकडच्या दमट हवेत बाहेरून आलेल्या खेळाडूचे पाय सत्तराव्या मिनिटाला जड होतात, त्याला आळस म्हणू नये. आणि मांडीमागचा स्नायू दुखावून नुकताच परतलेला खेळाडू पूर्ण वेगाने धावायच्या एक पाऊल आधी थांबतो. एकदा ओळखायला शिकलात की ते दर वेळी दिसतं.

अंगचोरपणा ओळखायची खूण एकच: चेंडू गमावल्यानंतरची पहिली तीन पावलं. वळून पाठलाग केला, तर बिचारा चुकतोय पण झटतोय. पहिल्या अर्ध्या तासात, पाय ताजे असताना, दोन-तीनदा कमरेवर हात ठेवून नुसता बघत उभा राहिला, तर राग रास्त आहे. तो मध्यंतराची शिटी वाजल्यावर व्यक्त करा, ऐकू जातो.

गावच्या फुटबॉलबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण गोव्यात खरं नुकसान तिथे होतं. आंतरग्राम स्पर्धांत स्टँड नसतात. लोक रेषेलगत, खेळाडूच्या हाताच्या अंतरावर उभे असतात. स्टेडियममधला आवाज गर्दीचा असतो, त्याला चेहरा नसतो. इथे प्रत्येक आवाज ओळखीचा: शेजारचा काका, शाळेतला सोबती, वाड्यावरचा दुकानदार. त्या बाजूचा विंगर सतरा-अठरा वर्षांचा असतो आणि अख्खा हाफ त्याला त्याच रेषेवरून धावायचं असतं. दुसऱ्या दिवशी तीच माणसं त्याला बसमध्ये आणि तिंट्यावर (बाजारात) भेटणार, आणि संध्याकाळी आईच्या कानावरही सगळं गेलेलं असणार. व्यावसायिक खेळाडू सामना संपल्यावर हॉटेलवर जातो, या पोराला जायला दुसरी जागा नसते. म्हणून आयोजकांनी रेषेपासून निदान दोन-तीन मीटरवर दोरी बांधावी, विशेषतः ज्या बाजूला बार आणि खाण्याचे स्टॉल असतात तिथे. दोन मीटरनीही फरक पडतो. वैयक्तिक शेरे धावणाऱ्याच्या कानाशी न पडता गोंगाटात मिसळतात.

स्टँडमध्ये ढोल वाजवणाऱ्यांच्या हातात बरंच असतं. आपल्या खेळाडूची चूक झाली की तीन-चार सेकंद शांतता पडते आणि हुर्यो त्याच फटीत शिरते. ढोलवाल्याने त्याआधी ठेका धरावा, आधी चालू होता तोच, वेग न वाढवता. लगेच त्या खेळाडूच्या नावाचा गजर करू नये, ती दया वाटते किंवा टोमणा वाटतो. थांबावं, आणि त्याने पुढचं एखादं साधं काम नीट केलं, हेडर जिंकला किंवा थ्रो मिळवला, की मग नाव घ्यावं. सोपा पास दिल्यावर खवचटपणे टाळ्या वाजवणं ही हुर्योच, फक्त कपडे बदललेली. शेजारचा कुणी आईबहिणीवर, रंगावर किंवा जातीवर घसरला तर तिथे हुर्योचा प्रश्न संपला. स्टुअर्डला, म्हणजे स्टँड सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला, बोलवा. वंशद्वेषी शेरेबाजीसाठी फिफाची तीन पायऱ्यांची पद्धत आहे: सामना थांबवणे, तात्पुरता स्थगित करणे, शेवटी रद्द करणे. बाटल्या, फटाके, लेझर यांचा दंड क्लबच्या खिशातून जातो. 1996 च्या विश्वचषकात ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्धची उपांत्य लढत प्रेक्षकांनी बाटल्या फेकून आणि जाळपोळ करून बंद पाडली. भारत 8 बाद 120 वर होता, सामना श्रीलंकेला बहाल झाला आणि विनोद कांबळी रडत परतला.

मग राग काढायचा कुठे? जिथे निर्णय होतो तिथे. खेळाडू स्वतःला संघात निवडत नाही. 2024 च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सने रोहित शर्माऐवजी हार्दिक पंड्याला कर्णधार केलं. निर्णय व्यवस्थापनाचा, हुर्यो मात्र वानखेडेवर हार्दिकची, इतकी की नाणेफेकीच्या वेळी समालोचक संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. त्याच वर्षी 29 जूनला टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात 16 धावा रोखायला चेंडू त्याच्याच हातात दिला गेला आणि भारत 7 धावांनी जिंकला. आपल्याकडे 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतलं. गोव्याच्या फुटबॉलचं चित्र त्याने बदललं, कुणा बॅकच्या चुकलेल्या पासने नव्हे. आवाज असा प्रसंग आला की लागतो.

त्याच्या रीती आहेत. बॅनर करायचा तर एकच ओळ, खेळाडूचं नाव नाही, आणि समोरच्या स्टँडमधून वाचता यावं म्हणून अक्षर निदान अर्धा मीटर उंच. सामन्याआधी क्लबला कळवा, नाहीतर गेटवरच काढून घेतील. पहिली दहा मिनिटं मौन पाळायचं असेल तर ते आधी जाहीर करा, न सांगता पाळलेलं मौन नुसतं थंड प्रेक्षक वाटतं. शेवटची शिटी वाजल्यावर संघ टाळ्या वाजवत स्टँडसमोर येतो. सगळ्या संघाबद्दलची नाराजी तेव्हा दाखवली तर ती खेळाडूंनाही समजते आणि पुढच्या बॉक्समध्ये बसलेल्या क्लबचालकांनाही. रात्री फोनवर एखाद्याला टॅग करून लिहू नका, तो बसमध्येच वाचतो. लिहायचंच तर कितव्या मिनिटाला, कोणत्या जागी काय बिघडलं ते लिहा.

आणि गावच्या स्पर्धेच्या आयोजकांना एक विनंती. सर्वांत मोठा आवाज लाउडस्पीकरवरच्या निवेदकाचा असतो, आणि पोराची चूक नाव घेऊन, हसून तोच साऱ्या वाड्याला ऐकवतो. सामन्यापूर्वी त्याच्या हातात दोन ओळींची चिठ्ठी द्या: गोल, कार्ड, बदली आणि चांगला खेळ यांसाठी नाव घे, चुकीसाठी फक्त संघाचं नाव घे.