सदाशिव पेठेतल्या सावल्या

सकाळच्या एसटीने साताऱ्याहून स्वारगेटला उतरले आणि रिक्षाने थेट सदाशिव पेठ गाठली. व्हिनिअरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांची चित्रं करणारे एक काका तिथे राहतात, एवढंच मैत्रिणीने सांगितलं होतं. जुन्या वाड्याचा जिना चढतानाच लाकूड भाजल्याचा वास आला.

"या, आज सावल्या करतोय," काका म्हणाले.

गॅसवर लोखंडी कढई, तिच्यात बारीक वाळू. भडभुंज्याकडे चणे भाजायला असते तशीच. त्यांनी सागाची एक पट्टी चिमट्यात धरली, तिची एकच कड वाळूत खुपसली, तोंडातल्या तोंडात आकडे मोजले आणि बाहेर काढली. कड गडद तपकिरी, आत येताना रंग निवळत गेलेला. सपाट पट्टीला खांबाची गोलाई आली! मीही एक पट्टी धरून पाहिली. जरा जास्त वेळ राहिली आणि कड काळी पडून गळूनच गेली. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, तिथे चुकायला जागाच नाही.

चित्र होतं विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागाचं. सुरूदार खांबांना साग, दाराआडच्या काळोखाला शिसव. म्हैसूरला शिसवाचं लाकूड कोरून त्यात तुकडे बसवतात. इथे सबंध चित्रच तुकड्यांचं. आकाशासाठी काकांनी वरच्या पापुद्र्यात खिडकी कापली आणि खालून शिवण झाडाच्या लाकडाचा फिकट तुकडा सरकवला. मग तो फिरवत राहिले. तिरका, आडवा, पुन्हा तिरका. माझा चहा संपला तरी फिरवणं चालूच.

"रंग लगेच मिळतो हो. रेषा मिळायला वेळ लागतो."

अखेर लाकडाच्या रेषा ढगांसारख्या पसरल्या. तेव्हा कुठे त्यांनी खिडकीच्या कडेने पातं फिरवलं. तुकडा असा बसला की सांध्यावर नख अडकेना. इतकी सबुरी मी फार कमी माणसांत पाहिली आहे.

निघताना बजावलं, "चित्र उन्हात टांगायचं नाही. शिसव फिका पडतो, फिकी लाकडं गडद होतात, सगळा मेळ जातो."

खरा वाडा हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या बाजीरावाने १९व्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेला. बाजीराव रस्त्यावरून आजवर कितीदा गेले असेन, पण थांबले या वेळीच. रस्त्यापलीकडे उभी राहून एकेका खांबाची सावली कुठे सुरू होते आणि कुठे विरते, ते बघत राहिले. परतीची साडेतीनची एसटी चुकली.