अँबॅसिडरचं हेड गॅस्केट वारंवार का जात होतं : माझा अनुभव

माझ्या अँबॅसिडरमध्ये जुनं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन आहे, बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सीरिज घराण्यातलं. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, बिडाचं, खालचा ब्लॉकही बिडाचा. या दोघांमध्ये दाबून बसवलेला, वायू आणि पाणी अडवणारा पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट. पद्मिनी गाडीचं हेड ॲल्युमिनियमचं असल्याने तिथे दोन धातू कमीजास्त प्रसरण पावतात आणि गॅस्केट घासलं जातं. तो त्रास इथे नाही. तरीही गॅस्केट जायचं, आणि दरवेळी एकाच जागी : दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधल्या अरुंद पट्टीवर. जागा बदलत नसेल, तर गॅस्केटची कंपनी बदलून काही साधत नाही.

या बिघाडाची लक्षणं फसवी असतात. रेडिएटरचं पाणी कमी होत नाही, त्यात बुडबुडे येत नाहीत, ऑइल दुधट होत नाही, कारण फुटलेली वाट पाण्याकडे जात नाही, शेजारच्या सिलिंडरमध्ये जाते. गाडी चढाला ओढत नाही, आयडलिंगला थरथरते आणि कार्बोरेटरमधून फटफट होते. म्हणून आधी बिचारा कार्बोरेटरच खोलला जातो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2 आहे. दोन आणि तीनचे पिस्टन बरोबरच वर येतात. दोनमध्ये कॉम्प्रेशन पुरं होत असताना तीनमध्ये एक्झॉस्ट संपून इनलेट व्हॉल्व्ह उघडू लागलेला असतो. दोनमधला दाब तिकडे घुसतो आणि थेट कार्बोरेटरमधून बाहेर पडतो.

खात्री कॉम्प्रेशन गेजने, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या मीटरने केली. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. एक आणि चारला 120 पीएसआयच्या आसपास दाब मिळाला. दोन आणि तीनला त्याच्या निम्माही नाही. या दोन्हींत चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं, आकडा हलला नाही. म्हणजे रिंगा ठीक होत्या.

हेड उतरवल्यावर जुनं गॅस्केट फेकू नये. त्यावर सिलिंडरभोवतीच्या पत्र्याच्या कड्याचा ठसा बघावा. जिथे ठसा खोल आणि चकचकीत, तिथे दाब पडलेला. जिथे फिकट आणि काजळीने काळा, तिथे दाब पोचलेलाच नाही. माझ्या गॅस्केटवर दोन-तीनमधली पट्टी काळी होती, पण तिच्या दोन्ही बाजूंच्या स्टडभोवती ठसा उलट फारच खोल.

लेथवाल्याने आधीच्या प्रत्येक खेपेला हेडला फेस मारला होता, म्हणजे त्याची खालची बाजू तासून सपाट केली होती. स्ट्रेट एज (अगदी सरळ पट्टी) आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावलं, तर हेड सपाट, 0.05 मिमीची पाती कुठेच शिरली नाही. प्रश्न ब्लॉकच्या माथ्याचा होता. तो सहसा कुणी तपासत नाही, याचं कारण साधं आहे : त्यावर 11 स्टड, म्हणजे हेड आवळायचे आटेदार दांडे, उभे असतात आणि ते काढल्याशिवाय स्ट्रेट एज आडवी बसतच नाही. एका स्टडवर दोन नट एकमेकांवर आवळायचे आणि खालच्या नटाला पाना लावून स्टड उलटा फिरवायचा. गंजलेला असेल तर आदल्या रात्री भेदक तेल सोडावं.

स्टड निघाल्यावर दोन गोष्टी दिसल्या. भोकांच्या काठाचं बीड वर ओढलं जाऊन बारीक ओठ आले होते, आणि दोन-तीनमधल्या पट्टीवर 0.12 मिमीचा खळगा होता. ओठ हेडला उचलून धरतात. मधली पट्टी सैल राहते. तिथून गरम वायू निसटतो आणि बीड आणखी खातो. त्यातून या इंजिनात दोन आणि तीनचा एक्झॉस्ट पोर्ट सामाईक आहे, त्यामुळे सगळ्यात जास्त उष्णताही तिथेच. नवीन गॅस्केट या खड्ड्यावर काही महिने तग धरतं, इतकंच. गॅस्केटला शेलॅक (लाखेचं चिकट द्रावण) किंवा रंग फासूनही फरक पडत नाही.

ओठ नुसते असते, तर सपाट ऑइलस्टोनने जागच्या जागी काढता आले असते. खळगा असल्यावर इंजिन उतरवून ब्लॉकला फेस मारणं भाग होतं. 0.15 मिमी काढलं. एका सिलिंडरचं आकारमान 372 सीसी आणि बोअर (आतला व्यास) 73 मिमी धरला, तर दहनकक्ष जेमतेम 0.6 सीसीने कमी होतो. कॉम्प्रेशन रेशोत, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं त्यात, म्हणावा असा फरक पडत नाही. मग प्रत्येक भोकाला मिलिमीटरभर खोल तिरकी कड दिली, म्हणजे पुन्हा ओठ आले तरी माथ्याच्या वर येणार नाहीत. आटे टॅपने साफ करून हवा मारली. भोकात तेल किंवा पाणी उरलं तर स्टड पूर्ण खाली बसत नाही.

जुने स्टड नव्याशेजारी धरून आटे जुळवले. दोन स्टड ताणलेले निघाले, म्हणून सगळेच बदलले. वायसरही कडक पोलादाचे घेतले. वेल्श प्लग (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटेची पत्र्याची बुचं) काढून मागच्या सिलिंडरभोवतीचा गाळ तारेने खरवडला. थर्मोस्टॅट (पाण्याचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) कुणीतरी काढून टाकला होता, तो परत बसवला.

बसवताना गॅस्केट कोरडंच ठेवलं, त्यावरची टॉप आणि फ्रंट ही अक्षरं बघून. आवळणी मधल्या नटापासून बाहेर, तीन टप्प्यांत : मॅन्युअलमधल्या टॉर्कचा (आवळण्याच्या जोराचा) तिसरा हिस्सा, दोन तृतीयांश, मग पूर्ण.

या इंजिनाची एक खोड इथे सांगायला हवी. रॉकर शाफ्टच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांच्या आसाच्या) खांबांवरचे चार नट हेडचेच नट आहेत. रॉकर काढायचा म्हणून तेवढेच चार ढिले केले, तर हेड एका बाजूने दाबलेलं आणि दुसऱ्या बाजूने मोकळं राहतं आणि वाकतं. रॉकरचं काम असलं तरी आधी रेडिएटरमधलं पाणी सोडायचं आणि सगळे 11 नट क्रमाने ढिले करायचे. चांगलं बसलेलं गॅस्केट निव्वळ या घाईत गेलेलं मी पाहिलं आहे.

इंजिन एकदा पूर्ण गरम करून गार होऊ दिलं आणि पुन्हा टॉर्क तपासला : एका वेळी एकच नट, आधी पाव फेऱ्याहून कमी ढिला, मग पूर्ण आकड्यापर्यंत. तेच 500 किमीनंतर. दोन्ही वेळा हेड किंचित खाली बसतं आणि टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली) कमी होते, म्हणून लगेच 0.015 इंचांची फीलर घेऊन आठही टॅपेट पुन्हा लावले. एक नंबरचा व्हॉल्व्ह लावायचा तेव्हा आठवा पूर्ण उघडा हवा, दुसऱ्याला सातवा. दोन आकड्यांची बेरीज नेहमी नऊ.