कडुनिंबवाला, चिंचवाली आणि सागरेश्वर

बक्षिसाची सहल ही कल्पना माझी. तेव्हा तिच्यावरून जे भांडण झालं, तेही माझ्याच पदरात.

मागच्या वर्षी जुलैत आमच्या पाचवी ते सातवीच्या ३१ मुलांनी शाळेच्या कुंपणाकडेनं ३१ रोपं लावली. कडुनिंब, चिंच, करंज, थोडे आवळे. आमचा आटपाडी तालुका, म्हणजे माणदेश. इथं झाड कुणीही लावतं; मार्च ते जून ते जगवायचं कोण, हा खरा सवाल. म्हणून मी वर्गात जाहीर करून टाकलं : जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी ज्याचं झाड जिवंत, तो सहलीला. मुख्याध्यापक सर दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत, नुसते हसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तेव्हापासून मुलांना झाडांची नावं पडली. करंजवाला, आवळेवाली. (खरी नावं इथं लिहीत नाही, हीच बरी.) चिंचवाली सहावीत. तिनं घरचं एक फुटकं मडकं आणलं, बुडाला भोक पाडून त्यात जुन्या लुगड्याची वात घातली आणि ते रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरलं. तीन दिवसांनी एकदा भरायचं, वर फरशीचा तुकडा झाकायचा. एप्रिलच्या उन्हात आसपासची माती भेगाळलेली आणि त्या मडक्याभोवती हातभर ओल. मी विचारलं, कुणी शिकवलं? ‘आज्जीनं,’ एवढंच उत्तर.

जूनमध्ये मोजणी केली. १९ जिवंत. पाच रोपं शेळ्यांनी खाल्ली, चार वाळवीनं, तीन पाण्यावाचून गेली. जिवंतांत एक कडुनिंब होता, त्याची गोष्ट सांगायलाच हवी. एप्रिलमध्ये तो माझ्या गुडघ्याला लागत होता, जूनमध्ये घोट्याला. पानं तजेलदार, माती नुकती उकरलेली आणि शेजारी रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीची फाटकी चिंधी.

‘बाई, उन्हानं आखडलं,’ कडुनिंबवाला म्हणाला. चेहरा अगदी सरळ.

मी वहीत ‘जिवंत’ लिहिलं. जे होतं ते जिवंतच होतं की!

राहिले १२. पावसाळाभर त्यांचे चेहरे बघत होते. डिसेंबरात सहलीची एसटी ठरवली. शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्याची सवलत मिळते, पण गाडी अख्खीच घ्यावी लागते. १९ मुलं नेली काय नि ३१ नेली काय. रिकामी बाकडी घेऊन जाणं माझ्याच्यानं होईना. सगळ्यांना घेऊन जायचं ठरवलं आणि फार मोठं मन दाखवल्याच्या थाटात वर्गात तसं सांगितलं. टाळ्या पडल्या. चिंचवालीनं वाजवली नाही.

‘मग आमी पानी कशाला घातलं?’

डी.एड.ला असताना मुलांच्या मानसशास्त्रात मला बरे मार्क होते. त्यातलं एक अक्षर उपयोगी पडलं नाही. ‘तुझं झाड तर जगलं ना,’ असलं काहीतरी पुटपुटले. तिनं मान दुसरीकडे वळवली. सहलीपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलणं.

सागरेश्वर निवडलं, कारण ते जंगलच माणसांनी वाढवलेलं. बोडके डोंगर होते, धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडं लावली गेली, हरणं आणून सोडली, १९८५ साली अभयारण्य झालं. अकरा चौरस किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे तसं लहानच. पायथ्याला देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथं गाडी थांबवून पाच मिनिटं बोलले, मुलांनी तेवढ्यात शेंगा फोडल्या.

आत गेल्यावर पहिला अर्धा तास फक्त लेंड्या दिसल्या. पण मेंढरांमागं वाढलेली पोरं ती! काड्यांनी उकरून ताजी कुठली, शिळी कुठली, यावर वाद. मग वळणावर चितळं आली. सात. एकाच्या शिंगावर मखमलीसारखी लव होती. चितळाची शिंगं गळून पुन्हा येतात, काळविटाची जन्मभर तीच राहतात, हे सांगेपर्यंत आमच्या गलक्यानं सगळी पसार. काळवीट दिवसभर दिसला नाही, तोही आमच्याच कृपेनं.

वरच्या टोकावरून कृष्णा दिसते, दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर ऊस. आमची पोरं गप्पच झाली. मग करंजवाला म्हणाला, ‘एवढं पानी? आन् सगळं उसालाच?’

उतरताना चिंचवाली मागं राहिली. बघते तर एका झाडापाशी उभी. त्याच्या खालच्या फांद्यांना पानच नव्हतं; एका उंचीपर्यंत सगळं ओरबाडलेलं, जणू कुणी दोरी धरून कापलंय. ती रेघ तिच्या कपाळाला लागत होती. शेजारच्या झाडाला तशीच, पलीकडे तशीच. बरोबर वनरक्षक होते, त्यांना विचारलं. चितळांची मान पोचते तिथवर ती खातात, म्हणाले. आणि एवढ्यानं भागत नाही. कुंपणातून निसटून खालच्या शेतात उतरतात, मग शेतकरी आमच्या नावानं बोटं मोडतात.

‘मग राखन कोन करतं?’

‘आम्हीच. पाळी लावून,’ ते म्हणाले.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. कडुनिंबवाल्यानं गोळी दिली, ती घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

सोमवारी माझ्या टेबलावर वहीचं एक पान. पट्टीनं रेघा मारून तक्ता केलेला, वर ‘पानी’. पुढे वार, आणि प्रत्येक वारासमोर दोन नावं. सगळी त्या १२ जणांची, फुकट आलेल्यांची. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, जगलेल्या १९ च्या १९ झाडांना. कडुनिंबवाला नियमानं जिवंतांतला, तरी त्याचं नाव कडेला बारीक अक्षरात, ‘जादा’ म्हणून.

रविवारचा रकाना रिकामा होता. मी विचारलं, इथं कोण?

‘बाई, नियम कुनी मोडला?’

मी पेन घेतलं आणि लिहिलं.