चौदा टक्के

कापसाच्या हमीभाव केंद्रावरचा ग्रेडर म्हणजे ओलावा मोजायचं मीटर खुपसणारा, असं लोकांना वाटतं. खरं काम हाताचं आहे. गाडीतला वरचा कापूस बघायचाच नसतो, तो उन्हानं वाळलेला असतो. कोपरापर्यंत हात घालून आतली मूठ काढायची आणि सरकी दाताखाली धरायची. कट्ट वाजली तर कोरडी, चेमटली तर ओली. माझा दात आणि मीटर सहसा जुळतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव होता. तो भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंत, पुढे टक्क्यामागे ८१ रुपये कपात, १२ च्या वर गाडी परत.

त्या दिवशी पांढरकवड्याकडच्या एका म्हाताऱ्याची भाड्याची मेटॅडोर आली. मीटरवर १४. गाडीभाडं बुडालं, विक्रीसाठी नोंदवलेला स्लॉटही गेला. तो हसला. "तुमच्या मशीनले दिसते तेच खरं, साहेब." गाडी वळवली. शेजारी उभे आमचे वरिष्ठ म्हणाले, "समजूतदार माणूस." त्यांच्या हिशेबात ओरडणारा लबाड आणि गप्प बसणारा समाधानी. इतकी वर्षं खरेदीत काढून एवढंच कमावलं त्यांनी.

दुपारी गेटबाहेरच्या टपरीवर गेलो, तर हाच म्हातारा एका व्यापाऱ्याच्या अंगावर धावून जात होता. वाद क्विंटलमागे पन्नास रुपयांचा. मानेच्या शिरा तट्ट, शिव्या अस्सल. शेवटी वीस वाढवून घेतले आणि शांतपणे चहा सांगितला.

न राहवून विचारलं, "मामा, सकाळी तर काहीच बोलले नाही?"

"तुमच्याशी भांडून पुरते काय? हा नाही तर दुसरा व्यापारी भेटते. तुमचं गेट एकच हाय. अर्धा कापूस अजून घरीच हाय माह्या."

मागे आम्हाला तणावाचं प्रशिक्षण झालं होतं. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांचे प्रयोग सांगितले होते: नकोशी भावना चेहऱ्यावर येऊ दिली नाही म्हणून ती आत कमी होत नाही, शरीरावरचा ताण मात्र वाढतो. त्यापेक्षा प्रसंगाकडे वेगळ्या नजरेनं बघा, म्हणे. १४ टक्क्यांकडे मामानं कोणत्या नजरेनं बघायचं, ते काही सांगितलं नाही. आणि ज्याचा राग व्यापाऱ्यासमोर वीस रुपये मिळवून देतो, त्यानं तो तिथं का आवरावा?

संध्याकाळी अहवालात 'तक्रारी : निरंक' लिहिलं. वरिष्ठ खूश. मामा माझ्याशी एवढं बोलले तेही टपरीवर, हातात चहा होता म्हणून. मीटरजवळ विचारलं असतं तर "काई नाही, साहेब" म्हणून परत हसले असते.